गडावरचा थर्मास

नाशिक
रविवार, २२ जून २०२५

प्रिय पम्या,

दिवाळीनंतर मी तुला फोन केला नाही हे मला ठाऊक आहे. तूही केला नाहीस, तेव्हा हिशेब बरोबरीत धरू. फोन सोडून कागद घेतला, कारण फोनवर तू मध्येच खिदळतोस, मग मी मूळ मुद्दा टाकून तुझ्या खिदळण्यावर भांडतो. या खेपेला मला एका दमात सगळं सांगायचंय.

तब्येत ठीक. साखर हद्दीत, डावा गुडघा हद्दीबाहेर. आईला हल्ली कमी ऐकू येतं, पण तुझं नाव काढलं की बरोबर येतं. पाऊस लागून राहिलाय, आज राईडला कोणी बाहेर पडलंच नाही, म्हणून बसलोय लिहीत.

तुझा येट्स इटलीची जिरो सायकल शर्यत जिंकला आणि मी तुला फोन केला नाही. इथेच तू ओळखायला हवं होतंस की नाशकात काहीतरी बिनसलंय. २०१८ ला तो फिनेस्त्रेच्या चढावर फुटला, एका दिवसात ३८ मिनिटांच्या वर घालवली आणि फ्रूम ८० किलोमीटर आधी सुटून सगळं घेऊन गेला, तेव्हा तू रात्री जेवला नव्हतास. वहिनींनी मला फोन करून विचारलं होतं, "घरातलं कोणी गेलंय का?" आणि आता सात वर्षांनी त्याच डोंगरावर, त्याच मातीवर तो परत आला, तर मी गप्प.

३१ मेला, शनिवारी, इथे संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. मी मोबाइल ओट्यावर कुकरला टेकवून उभा. ही शेजारी कैरीच्या फोडींना हळद-मीठ चोळत होती. तू पाहिलंच असशील, पण माझ्या ओट्यावरून पुन्हा पाहा. इसाक डेल टोरो गुलाबी जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे. कारापाझ ४३ सेकंद मागे. येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. फिनेस्त्रे साडेअठरा किलोमीटरचा, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, आणि शेवटचे सात-आठ किलोमीटर डांबर नाही. आपल्या सप्तशृंगी गडाचा नांदुरीपासूनचा घाट जवळजवळ दुप्पट लांब कर आणि वरचा भाग खणून ठेव, म्हणजे अंदाज येईल. खणलेला रस्ता कसा असतो ते नाशिककराला सांगायला नको.

कारापाझने पायथ्यालाच घाव घातला, डेल टोरो त्याच्या चाकाला चिकटला. मागून तुझा येट्स आपल्या चालीने आला, दोघांना गाठलं आणि पुढे निघाला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि हे दोघं एकमेकांकडे बघतायत! तू जा. नको, तूच जा. हिने हळदीचा हात तसाच धरून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे दोघं असे काय बघतायत? लग्न ठरतंय का?" मग म्हणाली, "अहो, पुढचा गेला ना!"

इतकंच तर झालं. माथ्यावर येट्स दीड मिनिटाच्या पुढे, म्हणजे जर्सी तिथेच त्याच्या अंगावर. पलीकडच्या उतारानंतर त्याच्याच संघाचा व्हॅन आर्ट त्याच्यासाठी थांबलेला. सकाळीच पुढच्या घोळक्यात पेरून ठेवलेला माणूस. त्याने सेस्त्रिएरेच्या वाटेवर असा ओढला की शेवटी या दोघांना पाच मिनिटांच्या वर गेली. रोममध्ये डेल टोरो दुसरा, ३ मिनिटं ५६ सेकंदांनी. आदल्या रात्री ज्याच्या घरी जर्सी टांगायला खिळा ठोकला असेल त्याचं हे.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, गिरणाऱ्याहून परत येताना आपण नेहमी थांबतो तिथेच थांबलो. डॉक्टर, बापू, सर, मी, आणि तुझा भाचा. मिसळ यायच्या आधीच फिनेस्त्रे सुरू.

डॉक्टरांनी शास्त्र काढलं. इतक्या चढावर वेगच कमी, तेव्हा दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला बसून फार ताकद वाचत नाही. मागे बसण्याची खरी कमाई सपाटीवर. म्हणजे डेल टोरोने चढावर ओढलं असतं तरी कारापाझच्या पदरात फारसं पडलं नसतं. जिथे द्यायला स्वस्त होतं तिथे त्याने चिक्कूपणा केला, आणि खाली दरीत गरज लागली तेव्हा ओढायला त्याच्याजवळ माणूस नव्हता. मला हे पटलं, पण डॉक्टरांना पटलं असं कधी सांगायचं नसतं, म्हणून मी पाव मागितला.

बापूचा राग कारापाझवर. "२०१९ आठवतंय का? निबाली आणि रोग्लिच एकमेकांवर डोळे लावून बसले आणि हाच पठ्ठ्या कूरमायूरच्या वाटेवर सुटला, गुलाबी होऊन बसला. तेव्हा गोड लागलं ना? आता खा म्हणावं." आणि वर माइकपुढे डेल टोरोलाच बोल लावतो. बापूला पांतानीनंतर कोणी आवडलेलंच नाही, त्यामुळे त्याचं मत मोजायचं की नाही ते तू ठरव. येट्सचा जुळा भाऊ ॲडम डेल टोरोच्याच संघात आहे, हे कळल्यावर बापू म्हणाला, "मग आईचा फोन आला असणार."

सरांनी नाशिकच्या महाजन बंधूंना मध्ये आणलं, जसे ते कशातही आणतात. २०१५ ची रॅम, म्हणजे रेस ॲक्रॉस अमेरिका, दोघा भावांची टीम, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ४,८०० किलोमीटरच्या आसपास, नऊ दिवसांच्या आत. "एक चालवतोय तेव्हा दुसरा झोपतोय. हे जर 'आधी तू, आधी तू' करत बसले असते तर अजून कॅलिफोर्नियातच असते." मुद्दा लागू नव्हता. शर्यतीत दोघांपैकी एकच जिंकतो, रॅममध्ये दोघं मिळून. पण सर रिटायर झाल्यापासून मुद्दा लागू व्हायची वाट बघत नाहीत.

आणि मी. तू मला ओळखतोस. मी म्हणालो, डेल टोरो भित्रा आहे. जर्सी अंगावर असेल तर पाठलाग त्याचा, दुसऱ्याने का करावा? दोन आठवडे मिरवलीस, मग एक तास राब ना.

भाचा तोवर गप्प होता. तो वादात बोलत नाही, नुसता तर्रीत पाव बुडवत बसतो. पण डेल टोरो त्याच्याच वयाचा, एकवीस. सिएनाच्या कच्च्या रस्त्याच्या स्टेजला त्याने जर्सी घेतली त्या दिवसापासून हा त्याच्यासाठी जीव टाकत होता. तो म्हणाला, "काका, ४३ सेकंदवाला त्याच्या खांद्याला लागून होता आणि ८१ सेकंदवाला लांब. जवळच्याला ओढत नेऊन वर त्यानेच टोला मारला असता तर तुम्हीच त्याला येडा म्हणाला असतात."

बरोबर होतं त्याचं. मी तसंच म्हणालो असतो.

मग म्हणाला, "आणि पायात उरलंच नसेल तर? बाहेरून कसं कळणार?"

इथे मला थांबता आलं असतं. मी म्हणालो, "पायात असून न ओढणारे मी फार जवळून पाहिलेत. तुझ्या मामालाच विचार. २०१२ ला गडाच्या घाटात मला अख्खा घाट ओढायला लावलं त्याने, आणि पाटील निघून गेला."

हो पम्या. तीच गोष्ट. तेरा वर्षं मी ती सांगतोय. तुझ्यासमोर एकदा-दोनदाच सांगितली, तू हसलास आणि "हो बाबा, मीच" म्हणालास, त्यानंतर ती माझ्या तोंडात पक्कीच बसली. तू बंगळूरला गेल्यावर तर नव्या पोरांना सांगायला रानच मोकळं झालं. जानेवारीतली थंडी, नांदुरीला शेकोटीशी उभं राहून घेतलेला चहा, तुझ्या पायातले ते शाळेचे कॅनव्हासचे बूट, मागून आलेला पिंपळगावचा पाटील. पंचेचाळिशीचा माणूस, टोमॅटोचा व्यापारी, आपल्याला "चला पोरांनो" म्हणून उभा राहून पेडल मारत गेला. आणि आपण दोघं. तू जा. नको, तू जा. सगळं सांगायचो, अगदी वाळलेल्या गवताच्या वासासकट. फक्त कोण मागे बसलं होतं, तेवढं फिरवून.

भाचा म्हणाला, "मी होतो तिथे, काका."

होता तो. मी विसरलोच होतो. आठ वर्षांचा, मंगलताईंच्या ओम्नीत, तुझा टॉवेल गळ्यात घालून वर वाट बघत. म्हणाला, "मामा पुढे होता. तुम्ही त्याच्या मागे. शेवटच्या वळणावर तुम्ही बाजूने सुटलात आणि दुसरे आलात. पायात नव्हतं तर ती स्प्रिंट कुठून आली?"

आवाज चढवला नाही पोराने. खरंच विचारत होता, डेल टोरोबद्दल विचारावं तसं. डॉक्टर चमच्याने रस्सा ढवळत राहिले. बापूसुद्धा गप्प. बापू!

आणि मी काय म्हणालो असेन? "तू तेव्हा शेंबडा होतास. तुला काय कळतंय?"

त्याने चहाचे पैसे काउंटरवर ठेवले. आपल्यात काका लोकच पैसे देतात, हे त्याला ठाऊक आहे. हेल्मेट घातलं आणि गेला. मिसळ अर्धी तशीच. त्यानंतर तीन रविवार झाले. आठ तारखेला आला नाही, पंधराला आला नाही, आज तर पाऊसच होता. बापू म्हणतो परीक्षा असेल. परीक्षा संपल्यात, मला माहीत आहे.

तर आता ते लिहितो. माझ्या पायात होतं, पम्या.

पाटील गेला तेव्हा माझ्या पायात भरपूर होतं. तू मागे वळून दोनदा विचारलंस, "येतोस का पुढे?" मी मान हलवली आणि तोंड असं वेडंवाकडं केलं की जणू आता सायकलवरून पडतोच. दुसऱ्यांदा तर मी मुद्दाम खोकलोसुद्धा. माझं गणित असं की तू पाटलाला गाठशील, तुझा दम संपेल, आणि मग मी दोघांच्या पुढे. तू गाठलं नाहीस. तू एकटा ओढत राहिलास, गवताच्या त्या उघड्या पट्ट्यात वारा समोरून येत होता तिथेही. मग मला निदान दुसरा नंबर दिसायला लागला. शेवटच्या वळणावर तुझ्या मानेवरून घाम खाली ओघळताना मला दिसत होता, इतका मी जवळ होतो. मी तिथून सुटलो. वर तू मला एवढंच म्हणालास, "एवढं होतं तर आधी कुठे ठेवलं होतंस?" मी म्हणालो, "आलं रे कुठून तरी."

तू हे तेव्हापासून जाणतोस. म्हणूनच "हो बाबा, मीच" म्हणायचास ना? मला वाटायचं तू मोठेपणा करतोस. आता वाटतं, तू मला आयुष्यभर पुरेल इतका दोर देऊन ठेवला होतास. बघ, परत तुझ्यावरच आलो! सवय जात नाही.

गेल्या गुरुवारी मंगलताईंकडे गेलो होतो. निमित्त लोणच्याच्या बरणीचं. भाचा घरी नव्हता. त्याची सायकल जिन्याखाली भिंतीला टेकलेली. टायरवर गिरणाऱ्याच्या रस्त्याची माती वाळून पांढरी पडलेली, चेनवर गंजाची बारीक केशरी रेघ. तीन आठवडे हात लावलेला नाही. पावसाच्या दिवसांत चेन अशी सोडणारा पोरगा नाही तो. राईडवरून आला की आधी चेन पुसतो, मग पाणी पितो, तूच लावलेली सवय. मी तिथे बसलो, ताईंकडून जुनं फडकं मागून घेतलं आणि पुसायला लागलो. पेडल उलटं फिरवत, एकेक कडी. ताई चहा घेऊन आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचं दोघांचं काही झालंय का?" मी म्हणालो, "छे हो, काही नाही." म्हणजे परत तेच. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण बाकरवडी वाढली.

घरी येताना गंगापूर रोडला ट्रॅफिकमध्ये उभा होतो तेव्हा डोक्यात आलं की डेल टोरोवर मी एवढा का तापलो. तो मला भित्रा वाटला नव्हता, ओळखीचा वाटला होता. आणि खरं सांगू, त्याचं माझ्यासारखं नसेलही. त्याच्या पायात खरोखर नसेल. एकवीस वर्षांचं पोर, संघातला मोठा नेता आयुसो आधीच घरी गेलेला, रोग्लिच गेलेला, अंगावर जर्सी, कानात रेडिओवर कोण काय ओरडतंय कुणास ठाऊक, आणि शेजारी एक जिरो जिंकलेला माणूस. भाच्याचं म्हणणं मला आता जास्त पटतं. डॉक्टरांचंही पटतं. दोन्ही एकदम कसं पटतं ते विचारू नकोस. फार तर दुतोंड्या मारुती समज मला.

एक मात्र नक्की. हरल्यावर त्याने "माझ्या पायात नव्हतं" अशी गोष्ट रचून तेरा वर्षं सांगितली नाही अजून. वेळ आहे म्हणा त्याच्याकडे.

बरं, तुझं काय? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? कन्येला हवी ती शाखा मिळाली का? वहिनींना नमस्कार. बंगळूरच्या ट्रॅफिकबद्दल काही लिहू नकोस, गेल्या वेळी दोन पानं त्यातच गेली होती. नोकरीचं काय ठरलं ते लिही.

आता काम. येत्या रविवारी पाऊस उघडला तर आम्ही गडावर जाणार आहोत. मी भाच्याला मेसेज टाकलाय, "येतोस का?" एवढाच. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. तो आला तर वर पोचल्यावर सगळ्यांसमोर सांगणार आहे. नाही आला तरी सांगणार आहे, डॉक्टर आणि बापू तर होतेच त्या दिवशी मिसळीला. तू त्याला आधी फोन करू नकोस. तू फोन केलास तर तू "जाऊ दे रे" म्हणशील आणि त्याचं "जाऊ दे" होईल, ते मला नकोय. तो मला अजून चार शब्द बोलला तर बरंच होईल.

दुसऱ्या नंबरचं बक्षीस आठवतं ना, तो निळा थर्मास? तो आमच्याकडेच आहे. दोन बाळंतपणं, बाबांचं शेवटचं आजारपण, सगळ्यात दवाखान्याच्या वाऱ्या केल्यात त्याने. हिला सांगितलं पम्याला पाठवायचाय, तर म्हणाली, "आत्ता? तो गळतो." गळत नाही. काल रात्री उकळतं पाणी भरून ठेवलं होतं, सकाळी चहापुरतं कोमट होतं. उद्या कुरिअरने टाकतोय. झाकण २०२० मध्येच हरवलंय, त्यावर वाटी उपडी घालतो आम्ही. वाटी तुझी तू बघ.

तुझाच,
बाळ्या

ता. क. ५ जुलैला लीलहून फ्रान्सची टूर सुटतेय. पोगाचार-विंगेगार्डच्या पैजेत २०२२ आणि २०२३ च्या दोन मिसळी मी देणं लागतो, २०२४ ची एक तू. या वर्षीही माझा पोगाचारच. तू विंगेगार्डवर अडून बसलास तर तुझी तू जाण, पण हॉटाकामच्या चढाआधी कळव, नंतर नाही.